घायपाताचा दोर

नवी वस्तू हातात आली की मामा ती आधी उलटी करायचे. कंदील असो, पाण्याचा डबा असो की मोटारीचा जॅक असो. बुडाकडे बघायचे, कानाजवळ नेऊन हलवायचे आणि मग ती जिथे मोडेल असं वाटायचं तिथे अंगठा रोवून जोर द्यायचे. दुकानदाराचा जीव खालीवर व्हायचा. मामा शांतपणे म्हणायचे, "मोडायचं आसंल तर हितं मोडू दे की. हितं सावली हाय, पानी हाय. माळावर मोडलं तर कुनाच्या नावानं बोंब मारू?"

मंगळवार बाजारातल्या जुन्या सामानाच्या दुकानात एक खाँसाहेब बसायचे. मामांना लांबून येताना बघितलं की ते काचेच्या वस्तू मागे सरकवून ठेवायचे आणि हसून विचारायचे, "आव मामा, आज क्या तोडते?" तरीही चांगला माल आला की ते आधी मामांसाठीच राखून ठेवत. मामांनी घेतलेल्या वस्तूला त्या बाजारात दुसऱ्या कुणाच्या शिफारशीची गरज नव्हती.

मामा म्हणजे आमच्या मोटारीचे ड्रायव्हर. तीसच्या पुढची ती वर्षं. गावोगाव फिरून देवीची लस टोचायला एक मोटार होती, तिच्यात तिघं असायचे. एक डॉक्टरसाहेब, दुसरे मामा आणि तिसरा मी, नोंदी लिहिणारा कारकून. सगळं खातं त्यांना मामाच म्हणायचं. ते सांगोल्याकडच्या माळावरच्या धनगरवस्तीतले. पहिल्या लढाईत बसऱ्याला गेले, तिथे मोटार शिकले, आणि परत आले तेव्हा मेंढरांपेक्षा मोटारीचंच त्यांना जास्त कळायला लागलं होतं. बायको प्लेगात गेली होती, मूलबाळ नव्हतं. वस्तीवर एकटे म्हातारे वडील आणि त्यांची चार शेरडं, एवढाच संसार.

खरं सांगायचं तर मला त्या फिरतीचा मनस्वी कंटाळा होता. शुक्रवार पेठेतल्या खोलीत दोन दिवस अंग टेकतंय तोवर पुन्हा निघायची वेळ यायची. महिन्यातले वीस दिवस आमचा संसार त्या मोटारीत असायचा. बैलगाडीच्या चाकोऱ्या, काळ्या रानातल्या भेगा, नाले, वाळू. कंबर अशी खिळखिळी व्हायची की रात्री कुठल्या कुशीवर निजावं ते कळत नसे. तुमच्यापैकी कुणी अशी नोकरी केली असेल, तर माणूस थकतो म्हणजे काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. आधी तक्रार करतो, मग तक्रार करायचाही कंटाळा येतो.

मामाही थकायचे. पण निघायच्या आदल्या दिवशी कचेरीच्या मागच्या अंगणात ते दोन घोंगड्या अंथरायचे आणि सगळं सामान एकेक करून त्यांवर मांडायचे. खोरं, कुऱ्हाड, दोन फळ्या, जॅक, हवेचा पंप, ट्यूबला लावायची ठिगळं, पाण्याचे चार डबे, कंदील, स्टो, तंबूचे खुंटे. मी यादी वाचायची आणि त्यांनी प्रत्येक वस्तूला हात लावून "हाय" म्हणायचं. पाण्याचे डबे आदल्या संध्याकाळीच भरून कोरड्या राखेवर ठेवलेले असत. सकाळी राख कुठे भिजली असेल, तर तो डबा घरी राही. दोर असेल तर त्याचं एक टोक अंगणातल्या लिंबाला बांधून दुसऱ्याला ते स्वतः लोंबकळायचे. पन्नाशीचा माणूस, पांढऱ्या मिशा, डोक्याला पटका, आणि लिंबाला लोंबकळतोय. समोरच्या खोल्यांतल्या पद्मसाळी विणकरांच्या बायका माग थांबवून तेलुगूत काहीतरी बोलून हसायच्या. मामांना त्याचं काही नव्हतं.

त्यांची निवड मात्र चमत्कारिक होती. एकदा दोन स्टोंतून एक घ्यायचा होता. एक कोरा करकरीत, दुसरा कथलाचा डाग देऊन दुरुस्त केलेला. मामांनी दुसरा उचलला. मी म्हटलं, "अहो मामा, नवा सोडून हा आजारी कशाला घेताय?"

"ह्याचा आजार मला ठावा हाय, भाऊसाब," ते म्हणाले. "नव्याचा आजून त्यालाच ठावा न्हाय."

तो स्टो आमच्याकडे सहा वर्षं चालला. फक्त डागाची जागा दर महिन्याला साबणाने बुजवावी लागायची. ते काम अर्थात माझ्याकडे असायचं.

दुसरी त्यांची तऱ्हा म्हणजे कुंभारीचा मुक्काम. दिवाळीनंतर फिरतीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी एक रात्र ते आम्हाला कुंभारीला काढायला लावायचे. कुंभारी सोलापूरपासून ती केवढीशी लांब! घरी जाऊन गादीवर निजता येईल इतक्या अंतरावर आम्ही तंबू ठोकायचो, चूल मांडायचो आणि डास मारत बसायचो. गावकरी येऊन विचारायचे, "सायेब, मोटार बिगाडली का?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण दर वर्षी तिथे काहीतरी उघडकीला यायचंच. एकदा काड्यापेटी राहिली होती, एकदा तंबूचा मधला खांब राहिला होता, आणि एकदा तर मीठ. गावात मागायचं नाही, मोटार काढायची नाही, असा मामांचा दंडक, म्हणून ते मीठ आणायला मला सोलापूरला पायी परत जावं लागलं. मामा म्हणाले, "आज चालून मीट मिळतंय. जतच्या अंगाला गेल्यावर कुटं चालत जानार?"

नवे डॉक्टरसाहेब पुण्याहून आले. वयाने लहान, कामाला चोख, शिस्तीचे. त्यांनी मुंबईहून छापील यादी मागवली आणि हलका विलायती तंबू नि दोन घडीच्या खाटा आणवल्या. मामांनी एका खाटेवर ज्वारीची तीन पोती रचली. तिसऱ्या पोत्याला खाटेने मान टाकली. साहेब धावत बाहेर आले.

"मामा, तुम्ही वस्तू पारखता की तिचा जीव घेता?"

"हिचा जीव जानारच व्हता साहेब. तुमी वर निजल्यावर गेला आसता, तर?"

मग मामांनी तंबूच्या कापडावरून हात फिरवला आणि विचारलं, "ह्यो कुटं शिवलाय?"

"विलायतेत."

"तितल्यानं आमच्या माळावरचा चैतातला वारा बगितलाय का?"

साहेबांनी तोंड वळवलं, पण मला दिसलं, ते हसत होते. तंबू कचेरीतच राहिला आणि आम्ही आमचा जुना जाड कापडाचाच नेला. त्या दिवसापासून मोटारीत काय जायचं आणि काय नाही ते मामा ठरवतील, असं साहेबांनीच सांगून टाकलं. त्या दिवशी मामांनी पटका पुन्हा सोडून नीट बांधला.

असा हा माणूस. आता त्या दोराचं सांगतो. सांगायला नको वाटतं, पण ते टाळलं तर मामा सांगितलेच नाहीत असं होईल.

मोटार ओढायचा आमचा जुना दोर झिजला, म्हणून मामांनीच तो बाद केला. नवा घ्यायचा तोवर गावाकडून शेरडं विकायला आलेल्या एका माणसाबरोबर त्यांच्या वडिलांनी दोर पाठवला. घायपाताच्या पानांतून काढलेल्या वाखाचा, मनगटाएवढा जाड, तीन पेडी, चांगला तीस हात. पोरगा मोटारीवर आहे, त्याला दोर लागतो, एवढं म्हाताऱ्याला माहीत होतं. मामांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि नाकाला लावला. मग दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलला आणि सरळ मोटारीत नेऊन ठेवला.

मी म्हटलं, "मामा, लिंबाला बांधायचा नाही का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोललो होतो. "म्हाताऱ्यानं वळलाय त्यो," ते म्हणाले. "बाच्या हातच्या दोराला आमच्यात हिसका दिऊन बगत न्हाईत."

मी यादीत दोरापुढे खूण केली. हात माझा होता, हे मी विसरलेलो नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी माण नदीपलीकडच्या एका वस्तीवरून सांगावा आला, की तिथे देवी आल्या आहेत. तीस-चाळीस पोरं, एकालाही टोचलेलं नाही. उन्हाळा पेटलेला. लसीच्या काचेच्या नळ्या भुशाच्या पेटीत बर्फात घालून आम्ही पहाटे सोलापूर सोडलं. लस गारव्यात राहिली तर तिचा उपयोग, तापली तर ती नुसतं पाणी. वाटेत साहेब दर तासाला पेटीचं झाकण उचलून बघत होते आणि मामा त्यांना म्हणत होते, "झाकान उगडू नगा साहेब, उनाला वाट दिऊ नगा."

नदीच्या पात्रात पाणी नव्हतं, नुसती वाळू. मोटार मधोमध रुतली. मामांनी चाकांची हवा थोडी सोडली, खोऱ्याने वाळू ओढली, चाकांखाली घोंगड्या आणि बाभळीचे फाटे घातले, आणि तासाभरात मोटार पलीकडच्या दरडीच्या पायथ्याशी आणली. चढ उभा होता. एका शेतकऱ्याने बैलांच्या दोन जोड्या आणल्या. मामांनी वडिलांचा दोर मोटारीला बांधला, गाठ स्वतः दोनदा बघितली आणि आत जाऊन स्टिअरिंग धरून बसले. साहेब नि मी खाली उतरून बाजूने चालत होतो.

बैलांनी जोर लावला. मोटार अर्धा चढ चढली. पेटी आत आहे, आता पलीकडे चार कोस सपाट माळ आहे, संध्याकाळपर्यंत पोरांना टोचून होईल, असा मी हिशेब करत होतो. एवढ्यात दोर मधोमध तुटला. फार आवाज नाही झाला. बैल गुडघ्यांवर पडले, मोटार मागे घरंगळली, खडकावर आपटली आणि एका अंगावर कलली. मागचं चाक मोडलं. लसीची पेटी बाहेर फेकली गेली, उघडली, आणि बर्फ त्या तापल्या वाळूत पडला. आम्ही धावत पोचेपर्यंत बर्फाचं ओल्या वाळूखेरीज काही उरलं नव्हतं. नळ्या तेवढ्या बचावल्या होत्या.

मामा बाहेर आले. कपाळातून रक्त येत होतं. त्यांनी चाकाकडे बघितलं नाही. तुटलेल्या दोरापाशी ते खाली बसले आणि त्याचे पेड सोडवायला लागले. वरून पांढरा, चांगला वाख. आत मात्र काळा, कुजलेला, बोटात धरला तर पीठ होणारा. चांगल्यात वाईट असा जागोजागी मिसळलेला, काही धरबंध नसलेला. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.

"ह्येला दिसत न्हाय," मामा हळू म्हणाले. मला वाटलं ते दोराबद्दल बोलताहेत. "भाऊसाब, म्हाताऱ्याला दिसत न्हाय. पांडरा वाख कुटला आन काळा कुटला त्येला कळंना. बोटं बी गेली वाटतं. दीड वरीस झालं, म्या तितं एक रात राहिलो न्हाय. आन त्येनं कुनाला कळू दिलं न्हाय."

मग ते उठले. शेतकऱ्याच्या बायकोकडून त्यांनी एक कोरं मडकं मागून घेतलं, नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून त्यात ठेवल्या आणि मडक्याभोवती घोंगडं भिजवून गुंडाळलं. ते डोक्यावर घेऊन भर दुपारी ते चार कोस चालले. मागून साहेब, त्यांच्या मागून मी. वाटेत दोन विहिरी लागल्या. दोन्ही ठिकाणी मामांनी आधी घोंगडं भिजवलं, मग आम्हाला पाणी दिलं, आणि स्वतः न पिताच पुढे झाले.

वस्तीवर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. साहेबांनी तशीच ती लस टोचली, एकूण एक पोराला. आठव्या दिवशी आम्ही दुसऱ्या गाडीने तपासायला गेलो. दहाबारा पोरांच्या दंडांवर फोड उठले होते, म्हणजे त्यांना लस लागली होती; बाकीच्यांच्या दंडांवर काही नव्हतं. नवी लस घेऊन गेलोच होतो, ती टोचली. पण मधल्या दिवसांत एका पोरीला देवी आल्या आणि ती गेली. साहेब म्हणाले, तिच्या अंगात रोग आधीच शिरला असेल, लस ताजी असती तरी कदाचित वाचली नसती. कदाचित. हे ते दोनदा म्हणाले. मामा तिच्या झोपडीसमोर जाऊन उभे राहिले आणि पटका काढून हातात धरला. आत जाववलं नाही त्यांना.

सोलापूरला आल्यावर साहेबांनी विचारलं, "मामा, तो दोर कुठून आला?"

"बाजारातनं घेतला, साहेब."

"आणि ओढून बघितला नाही? तुम्ही?"

"न्हाय बगितला."

साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना राग यायला हवा होता, पण त्यांचा विश्वासच बसेना. शेवटी म्हणाले, चूक झाली हे लिहून द्या, मी वर सांभाळून घेतो. मामांनी नाही म्हणून मान हलवली. बाहेर येऊन माझ्यापाशी बसले आणि म्हणाले, राजीनाम्याचा अर्ज लिवा.

मी कागद घेतला. विचारलं, "मामा, खरं लिहू का? वडिलांचं?"

"बाजारातला लिवा," ते म्हणाले. "सरकारी कागदात माज्या म्हाताऱ्याचा दोर नगं."

मी बाजारातला लिहिलं. त्यांनी खाली अंगठा उमटवला, बोट भिंतीला पुसलं आणि दोन घोंगड्या खांद्यावर टाकून ते गेले. साहेबांना मी कधी खरं सांगितलं नाही. आज इतक्या वर्षांनी तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

नवा ड्रायव्हर आला. लोखंडी तारेचा दोर आला, चाकांना घालायच्या साखळ्या आल्या. कुंभारीचा मुक्काम बंद झाला. नव्या स्टोने तिसऱ्याच गावाला राम म्हटला आणि आम्ही तीन दिवस गार भाकऱ्या खाल्ल्या. मी अंगणात यादी घेऊन उभा राहायचो, पण वस्तूला हात लावून "हाय" म्हणणारं कुणी नव्हतं. मी मनातल्या मनात खुणा करून टाकायचो.

दीड-दोन वर्षांनी मोटार सांगोल्याच्या माळावरून जात होती. साहेबांची बदली झाली होती. ड्रायव्हरला सांगून मी मामांच्या वस्तीवर थांबलो. बाभळीच्या सावलीत मामा शेरडाला पाला टाकत होते. फार वाळले होते. मला बघून हसले आणि ताक आणायला आत गेले. शेजारी त्यांचे वडील बसले होते, डोळे पांढरे झालेले. मांडीवर वाख होता आणि हात चालू होते. दोर वळत होते.

आवाजावरून त्यांनी ओळखलं, की कुणी शहरातला आहे. "मोटारीवरलं का?"

"व्हय बाबा."

"माज्या दोरानं मोटार निगाली का ओ? ह्यो सांगतो, निगाली. पर ह्यो मला बरं वाटावं म्हनून बी सांगंल."

मामा ताकाचा तांब्या घेऊन दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, खाली जमिनीकडे बघत होते. मला ती पोरगी आठवली. तिचं नाव माझ्या वहीत लिहिलेलं होतं.

"निघाली की बाबा," मी म्हणालो. "एका हिसक्यात निघाली."

म्हातारा हसला. तोंडात एक दात नव्हता. शेजारी वेटोळं करून ठेवलेला एक दोर चाचपून त्याने माझ्यापुढे केला. "मग ह्यो बी न्या. ह्यो तर जोडपेडी हाय, त्याच्याहून दणकट."

मी दोर घेतला. उचलतानाच हाताला भुसा लागला. मामा मोटारीपर्यंत पोचवायला आले. दोर त्यांनी माझ्या हातातून घेऊन आत ठेवला आणि दार लावलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "फुडं एक नाला हाय. त्याच्या पल्याड बोरीचं झुडूप हाय, तितं टाकून द्या. अल्याड नगं. शेरडं राखनाऱ्याला घावला, तर त्यो हिकडं आनून दील."

मी बरं म्हटलं. त्यांनी माझा हात क्षणभर धरला आणि सोडला. मी मामांना पाहिलं ते शेवटचं. पुढच्या वर्षी मी फिरतीतून सुटलो आणि नंतर कळलं, की ते वडिलांच्या आधी गेले.

नाला ओलांडल्यावर मी मोटार थांबवायला सांगितली. ड्रायव्हर म्हणाला, "काय झालं?" मी दोर घेऊन खाली उतरलो, बोरीच्या झुडपापाशी गेलो आणि फांद्या बाजूला केल्या.

खाली आधीच बारा-पंधरा दोर होते. एकेकाचं नीट वेटोळं केलेलं, एकावर एक रचून ठेवलेले.